नऊ नव्या पैशांची जप्ती

मु. दिवेआगर, पो. बोर्ली पंचतन,
ता. श्रीवर्धन, जि. कुलाबा.
मंगळवार, ता. २५ फेब्रुवारी १९५८.

तीर्थस्वरूप अनंतामामा यांचे चरणी शिवदासचा शिरसाष्टांग नमस्कार.

येथे आम्ही सर्व जिवंत आहोत, एवढेच तूर्त खात्रीने लिहिता येते. (क्षेमकुशल हा शब्द प्रथम लिहिला होता. वाचून पाहिला, तो खोटा वाटला, म्हणून कागद बदलला.) आपल्या गुडघ्याला आता कसे आहे? आईने सांगितलेला एरंडाच्या पानांचा शेक चालू असावा. मामींचा खोकला थांबला असेल. वकीलसाहेबांची तब्येत आणि स्वभाव, दोन्ही सुधारले असतील अशी आशा करतो. गेल्या पत्रात आपण लिहिले होते की अशिलावर रागावले की ते दौत कारकुनाकडे, म्हणजे आपल्याकडे, फेकतात. नवी दौत लाकडाची घ्यावी, असा आईचा निरोप आहे.

आपले कार्ड पावले. त्याचा उपयोग कसा झाला ते पुढे येईलच. तीन रात्री शिवणात गेल्या आहेत, त्यामुळे अक्षर कोठे वाकडे आले असल्यास क्षमा करावी. ऱ्हस्वदीर्घ मात्र दोनदा तपासले आहेत.

यंत्राची हकिकत आपणांस तुटक ठाऊक आहे, म्हणून मुळापासून लिहितो. सातवीत गणितात अडकून माझी शाळा सुटली आणि मी बोर्लीला काजे-बटणे करीत शिवण शिकलो, हे आपण जाणताच. गेल्या वर्षी जानेवारीत गिरगावच्या ‘लक्ष्मीप्रसाद शिलाई यंत्र हप्तेबंद मंडळी’कडून हाताचे यंत्र घेतले. दरमहा सात रुपये सहा आणे, मुदत दोन वर्षे. कॉलर लावताना मला दोन्ही हात कापडाला लागतात, तेव्हा यंत्राची मूठ आई फिरवते. आमच्या घरची चूल त्या मुठीवर फिरते असे म्हटले तरी चालेल. म्हणून हप्त्याच्या बाबतीत मी फार जपतो. आदल्या रात्री मला झोप येत नाही आणि सकाळी पोस्टाचे दार उघडायच्या आधी मी पायरीवर हजर असतो. (पोस्टमास्तर म्हणतात, “तोडणकर, तू आहेस म्हणून मला घड्याळाला चावी द्यावी लागत नाही.”)

एप्रिलपासून सरकारने नवे पैसे आणले. येथून सर्व बिघडले. पोस्टात सरकारी कोष्टक टांगले आहे, त्यात सहा आण्यांचे सदतीस नवे पैसे असे स्वच्छ छापले आहे. हिशेबाने साडेसदतीस होतात, परंतु अर्धा नवा पैसा सरकारने पाडलेलाच नाही, म्हणून सरकारने तो सोडून दिला. सरकारने सोडला म्हणून मीही सोडला. यात माझे काय चुकले ते मला अजून उमगलेले नाही. मंडळीचे म्हणणे असे की अर्धा सोडायचा की पुरा धरायचा हे घेणाऱ्याने ठरवायचे असते, देणाऱ्याने नव्हे; सबब अडतीस. मी डिसेंबरपर्यंत प्रत्येक हप्त्यात एक नवा पैसा कमी भरला, म्हणजे एकंदर नऊ. आणि करारात मुंगीएवढ्या अक्षरांत असे आहे की अपुरा हप्ता म्हणजे न दिलेला हप्ता. मामा, म्हणजे मी नऊ महिने काहीच दिलेले नाही! हे वाचून मी पाटावरून उठलो तो पुन्हा बसलोच नाही. त्या दिवशी उभ्यानेच जेवलो.

मी पोस्टातले कोष्टक उतरवून काढले, खाली पोस्टमास्तरांची सही घेतली आणि मंडळीला पाठवले. उलट टपाली उत्तर आले. नऊ नवे पैसे, त्यावर दंड, दंडाची आठवण देणाऱ्या पत्रांचा खर्च आणि माझे पत्र वाचण्याचा खर्च (होय, वाचण्याचा. लांब पत्राला जास्त) असे मिळून एकोणीस रुपये ताबडतोब भरावे, न भरल्यास आमचा माणूस येऊन यंत्र घेऊन जाईल, त्याच्या जाण्यायेण्याचा व जेवणाखाण्याचा खर्चही आपल्याच नावे पडेल. तेव्हा मी घाबरून आपणांस लिहिले.

आपल्या कार्डाने मला फार धीर आला. कोर्टाच्या हुकुमाशिवाय कोणाचाही माणूस घरातली वाटीसुद्धा उचलू शकत नाही, उचलायची तर बेलीफ येतो आणि तो कागद दाखवतो. आणि कोर्टालाही अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण व कारागिराची हत्यारे यांना हात लावता येत नाही. पावती मागून घे, हिशेब लेखी माग, पाणी पी आणि स्वस्थ बस, असे आपण लिहिलेत. मी तसेच केले, फक्त स्वस्थ बसणे जमले नाही. परंतु कार्डावरची जागा संपल्याने आपण शेवटचे वाक्य पत्त्याच्या बाजूला आडवे लिहिले आहे. ते असे: “मात्र यंत्राची गोष्ट वेगळी आहे, कारण”. त्यापुढे बोर्ली पोस्टाचा शिक्का बसला आहे. मी तो उन्हात धरून पाहिला, दिव्यावर धरून पाहिला. पोस्टमास्तरांनाही विचारले. ते म्हणाले, “शिक्का स्पष्ट उठला आहे, तक्रार कशाची?”

असो. गेल्या आठवड्यात मी दोऱ्याची रिळे आणायला बोर्लीला गेलो असता घरी एक गृहस्थ आले. काळी टोपी, स्वच्छ धोतर, काखेत छत्री. ओटीवर बसले, पाणी मागितले आणि शिवदास तोडणकर येथेच राहतात का, असे विचारले. आई हो म्हणाली. मग त्यांनी विचारले की मुलगा काय करतो, मिळकत काय, घर कोणाच्या नावावर, माडपोफळी किती, अंगावर सोने किती, कोणाचे काही देणे आहे का. आता मामा, आपणच सांगा, आपल्या मुलखात अनोळखी माणूस ओटीवर बसून या क्रमाने या गोष्टी कधी विचारतो? मुलीकडून घर पाहायला येतो तेव्हा! आणि तो तसे तोंडाने कधी म्हणत नाही. नारळाचा भाव विचारायला आलो म्हणतो, तहान लागली म्हणतो. त्याला “आपण कशासाठी आलात?” असे विचारणे हा अडाणीपणा समजतात. त्यामुळे आईने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

आई भोळी आहे हे आपण भाऊ या नात्याने जाणताच. मुलाचे स्थळ जुळते आहे असे वाटून तिचा तोल गेला. समोर शेजारीण ठमाबाईंची पोफळीची वाडी दिसते, तिकडे हात करून म्हणाली, “ती आमचीच म्हणायची.” खाली पुळणीवर दादू नाखव्याची होडी ओढून ठेवलेली दिसते. “ती पण घरचीच हाय. दादू आपला बघतो तिच्याकडं.” सोने? “घालायला वेळ कुठं हाय? पेटीत हाय.” देणे? “न्हाय बा. आमीच लोकांस्नी देतो.” त्या गृहस्थांनी यंत्राचा नंबरही विचारला. (पत्रिका जुळवायला तोही लागत असेल, असे आईला वाटले म्हणे.) त्यांनी कागदावर काही लिहून घेतले नाही. बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवीत सगळे मनात साठवले, घावणे खाल्ले, सोलकढी प्याले आणि “परवा येतो, मुलाची भेट घेतो” असे सांगून गेले. नाव बाबाजी तळेकर, राहणार तळा.

मी आलो तर आई चुलीपुढे गात होती. “तळ्याचं माणूस हाय. घराणं बरं दिसतंय,” एवढेच म्हणाली. मला लाज वाटली, भीतीही वाटली आणि त्या रात्री मी माझ्यासाठी नवा सदरा बेतला. दुसऱ्या दिवशी ठमाबाई आपल्या सोन्याच्या पाटल्या घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, “घाल हातात. पण मनू, राख लावून भांडी घासू नकोस त्या घालून.” दादूला होडीचे सांगितले तर तो म्हणाला, “लाव तुझ्या नावावर. न्हायतर बायकू रोज म्हंते इकून टाक.” गाव आमच्यासाठी किती करते ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले. (आता तेही वेगळ्या कारणाने येते.)

ठरल्याप्रमाणे गुरुवारी बाबाजीराव आले. आईने तिसऱ्यांची आमटी, तळलेली सुरमई आणि तांदळाची भाकरी केली होती. सुरमई उधार आणली होती. मी सदरा घालून, डोक्याला तेल लावून, खाली मान घालून बसलो. त्यांनी मला विचारले, “यंत्र नीट चालतं ना?” मी म्हटले, नव्यासारखे आहे, आणि फडके काढून दाखवले. तेल कोठे घालतो, सुया कोठे ठेवतो, सगळे सांगितले. ते म्हणाले, “वा. ओरखडासुद्धा नाही. फार बरं झालं.” मला वाटले, मुलगी द्यायला माणूस एवढे बारीक पाहतो हे योग्यच आहे. मग त्यांनी एक कागद पुढे केला. “जरा अक्षर बघू तुमचं. इथं नाव लिहा.” मुलाचे अक्षर पाहण्याची रीत आहे, हे मी ऐकून होतो. कागद वाचावा असे एकदा मनात आले, पण होणाऱ्या सासऱ्याच्या समोर कागद वाचून सही करणे म्हणजे अविश्वास दाखवणे. मी न वाचता, अत्यंत वळणदार, पूर्ण नावाची सही केली. “सुरेख,” असे म्हणून त्यांनी घडी करून खिशात ठेवली. ती जप्तीची नोटीस पावल्याची सही होती.

मामा, जो माणूस करार सही करण्यापूर्वी दोनदा वाचतो, पाकिटावरचा पत्ताही उलटसुलट तपासतो, त्याने आयुष्यात एकाच कागदावर न वाचता सही केली, आणि तो हा.

पान खाऊन झाल्यावर बाबाजीराव म्हणाले, “आता कामाचं बोलू.” आईने पदर सावरला. मी रीतीप्रमाणे उठून आत दाराआड उभा राहिलो. तेथून ऐकू आले ते असे: “मी लक्ष्मीप्रसाद मंडळीचा वसुलीदार. सोमवारी गाडी आणून यंत्र नेतो. दंड आणि खर्च उरेल, त्याला काळजी नाही. पोफळीची वाडी आहे, होडी आहे, पाटल्या तर समोरच दिसतायत.” आणि पेरांवर अंगठा सरकवीत त्यांनी आईने सांगितलेले सगळे, त्याच क्रमाने, जवळजवळ तिच्याच सुरात म्हणून दाखवले. मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली.

कुंपणापलीकडे ठमाबाई कान देऊन होत्याच. त्या वाडीतून तीरासारख्या आल्या. “मनू! माज्या पाटल्या काढ आधी! माज्या म्हाताऱ्यानं केल्यात त्या! जप्तीत जायाला न्हाय!” आई म्हणाली, “अगं, हाताला आमटी हाय.” “आमटीसकट काढ!” तोपर्यंत दादू पुळणीवरून धावत आला. “व्हडी माजी हाय! कुणीबी सांगल! तिच्या बुडाला भोक हाय ते बी माजंच हाय!” मीही दाराआडून बाहेर आलो आणि शपथेवर सांगितले की घर भाड्याचे आहे, आमचे माड दोनच आहेत आणि त्यातला एक फळत नाही.

बाबाजीराव शांतपणे चुना मळत होते. म्हणाले, “वसुलीत केस पिकले माझे. जप्तीचं नाव काढलं की ह्या किनाऱ्यावर कोणाचं काही नसतं. वाडी शेजारणीची, होडी नाखव्याची, सोनं मावशीचं, म्हैस मेहुण्याची. पण इतकं जोरात ओरडणारे शेजारी मी अजून पाहिले नव्हते. म्हणजे माल बराच असला पाहिजे.” मी म्हटले, साहेब, मी खरे सांगतो आहे. त्यांनी माझ्याकडे आदराने पाहिले. “वयाच्या मानानं फार पक्के आहात.” मी जितके खरे सांगावे तितकी आमची इस्टेट वाढत गेली. शेवटी मी म्हटले, रात्री घरात तेल नसते म्हणून आम्ही लवकर निजतो. त्यावर ते म्हणाले, “श्रीमंत माणसं अशीच असतात. काटकसरी.”

तेव्हा मी आपले कार्ड काढले आणि ओटीवर उभा राहून मोठ्याने वाचले. कोर्टाच्या हुकुमाशिवाय वाटीसुद्धा नाही, येथवर ठमाबाईंनी मान डोलावली. कपडे, भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, येथे दादू म्हणाला, “शाब्बास अनंता!” (आपणांस एकेरी म्हणाला, त्याबद्दल क्षमा असावी.) बाबाजीराव चुना मळायचे थांबले. मी त्याच भरात पुढे वाचत गेलो आणि आडव्या ओळीत शिरलो: “मात्र यंत्राची गोष्ट वेगळी आहे, कारण”. मी थांबलो. सगळे माझ्याकडे पाहू लागले. बाबाजीरावांनी हळूच वाक्य पुरे केले: “कारण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत यंत्र मंडळीचं असतं. तुम्ही फक्त भाड्यानं वापरता. तुमच्या हत्यारांना कोर्ट हात लावत नाही, पण हे तुमचं हत्यारच नव्हे.” आणि छत्री उचलून गेले. मामा, आपण तेच लिहिले होते का? तसे असेल तर ते आधी लिहायला हवे होते आणि धीराचा भाग आडवा.

शुक्रवार ते रविवार मी रात्रंदिवस शिवत होतो, कारण गावाचे अर्धवट कपडे माझ्याकडे होते आणि सोमवारनंतर ते कशावर शिवणार? आई मूठ फिरवीत होती. रविवारी तिचा उजवा खांदा वर उचलेना, तेव्हा ती डाव्या हाताने फिरवू लागली. मी नको म्हटले. “आजचा दिस हाय, फिरवते,” म्हणाली.

काल सोमवारी बाबाजीराव बैलगाडी घेऊन आले. आईने यंत्र पुसून ओटीवर आणून ठेवले होते. त्याला हळदकुंकू लावले होते आणि समोर तांदूळ, नारळ आणि खण ठेवून त्याची ओटी भरली होती. मुलगी सासरी निघाली की भरतात तशी. गाडीवान डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. आई म्हणाली, “न्या. आमी आडवं येत न्हाय. फक्त वाटेत कुणी इचारलं, एवढ्या मोठ्या घरातनं काय नेलं, तर सांगा, नऊ नव्या पैशाला हाताचं यंत्र नेलं. मंडळीची आबरू तुमच्या हातात.”

बाबाजीराव ओटीवर बसले. वाडीकडे पाहिले. होडीकडे पाहिले. मग यंत्राकडे पाहून म्हणाले, “मनुबाई, खरं बोलू? तुमच्यासारख्या घरात हाताचं यंत्र शोभत नाही.” आपला विश्वास बसणार नाही अशा गोष्टी त्यांनी त्यानंतर सांगितल्या. मंडळीचा नियम असा की ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडची वस्तू उचलायची आणि ज्याच्याकडे आहे त्याला आणखी वस्तू द्यायची. नऊ पैशांसाठी अशा गिऱ्हाइकाला दुखवले तर साहेब त्यांनाच बोलतील. सबब दंड माफ, पत्रांचा खर्च माफ, त्यांचे जेवणखाण माफ (ते आम्हीच घातले होते, तरी माफ), हे यंत्र परत घेऊन त्याचे भरलेले सर्व हप्ते जमा धरायचे आणि त्या जागी पायाचे नवे यंत्र द्यायचे, लाकडी मेजासकट, खण असलेले. येत्या शनिवारी येईल, तोवर हे येथेच राहू द्या.

मी ओरडलो की आम्हाला नको. आई म्हणाली, “पायानं चालतं? मग मूठ न्हाय?” ते म्हणाले, नाही. आईने आपला उजवा खांदा डाव्या हाताने धरला होता, तो तसाच धरून ती म्हणाली, “आणा.”

मामा, तेव्हा मी एवढेच केले जे माझ्याने झाले. म्हटले, सही करीन, पण आधी सगळा करार मोठ्याने वाचून दाखवा, मुंगीच्या अक्षरांसकट, आणि हप्ता पुऱ्या रुपयांत ठेवा, त्यात आणे नकोत, आणि दर हप्त्याला पावती. बाबाजीरावांनी चष्मा लावला आणि वाचू लागले. त्यांनी स्वतः तो करार यापूर्वी कधी वाचला नव्हता हे उघड होते. एके ठिकाणी ते अडखळले, मागे गेले, पुन्हा वाचले. गिऱ्हाइकाकडून न आलेली रक्कम वसुलीदाराच्या पगारातून कापावी, असे तेथे होते. त्यांनी पाणी मागितले. मी त्यांना आपल्या कार्डातले वाक्य सांगितले: घाबरू नका, पाणी प्या आणि स्वस्थ बसा. त्यानंतर त्यांनी जामीन मागितला. (तो मिळाला.) नऊ नवे पैसे आईने कनवटीतून काढून दिले आणि मी त्यांची पावती घेतली. ती देवापुढे ठेवली आहे.

आता मला आपणांस कायद्याचे एकच विचारायचे आहे. दरमहा बिनचूक पैसे भरीत होतो, तेव्हा मी थकबाकीदार. आमच्याकडे काही नाही असे शपथेवर सांगितले, तेव्हा लबाड. आणि दुसऱ्याच्या वाडीकडे बोट केले, तर आम्ही प्रतिष्ठित, दंड माफ, वर नवे यंत्र. हप्ता दुपटीहून अधिक, मुदत तीन वर्षे. जो देणे देऊ शकत नाही त्याला माफी नाही आणि जो देऊ शकतो त्याला माफी, हे कोणत्या कलमात बसते? वकीलसाहेब दौत फेकणार नाहीत अशा वेळी विचारून कळवावे. यात घाई नाही.

हे पत्र केवळ हकिकत कळवण्यासाठी लिहिले आहे. आपणांस काही मागावे असा हेतू नाही. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक भाचा,
शिवदास

ता. क. १. — वरील पत्र आईला वाचून दाखवले. “आई भोळी आहे” येथे ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिचे म्हणणे, “मुलगी द्यायला आलेला मानूस आधी तुजं वय इचारील. त्यानं यंत्राचा लंबर इचारला. मला पयल्याच दिशी कळलं.” मग वाडी, होडी कशासाठी? तर म्हणे, “गरिबाच्या दारात तगादा ठाण मांडतो. मोठ्याच्या दारात पान खाऊन जातो.” ठमाबाईंना व दादूलाही सगळे ठाऊक होते. उलट ठमाबाई ठरल्यापेक्षा जास्त ओरडल्या अशी आईची तक्रार आहे. मला का सांगितले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, “तुज्यासारका खरं बोलनारा न्हाय, आणि खरं बोलताना तुज्याइतका चोरासारका दिसनारा बी न्हाय. सांगितलं असतं तर तुजं खरं वाया गेलं असतं.” मी तेव्हापासून तिच्याशी बोललेलो नाही. मूठ मात्र ती फिरवतेच आहे.

ता. क. २. — जामीन कोण, हे लिहायचे राहिले. आपण.

ता. क. ३. — आईने जामीन म्हणून आपले नाव सांगितले तेव्हा बाबाजीरावांनी हुद्दा विचारला. ती “वकील” म्हणाली. “वकिलाकडे” म्हणायचे होते, पण शेवट घशात राहिला असे ती म्हणते. येत्या रविवारी बाबाजीराव मंडळीच्या साहेबांना घेऊन आपले घर पाहायला अलिबागेस येत आहेत. तेव्हा विनंती अशी की वकीलसाहेबांचा काळा कोट एक दिवस मागून घ्यावा. नच दिल्यास माप पाठवावे, मी शुक्रवारपर्यंत शिवून देतो. पाहुणे कशासाठी आले ते विचारू नये. मामींना सुरमई करायला सांगावे. आणि आपल्या ओटीवरून जे जे दिसेल ते आमचेच म्हणायचे, असे म्हणावे. फक्त समुद्रातल्या किल्ल्यावर हक्क सांगू नये. तो सरकारी आहे हे साहेबांना ठाऊक असण्याचा संभव आहे.